इतिहासकाराआड दडलेला भूमितिवेत्ता : दामोदर कोसंबी

प्रतिनिधी, करी रोड

करी रोडच्या पुलावर सायंकाळी उभे राहिले, तर मुंबईहून पुण्याकडे निघालेली डेक्कन क्वीन या स्थानकात न थांबता पुढे निघून जाताना दिसते. पन्नासच्या दशकात या गाडीच्या नेहमीच्या प्रवाशांमध्ये एक गणितज्ञ असत. पुण्यात भांडारकर संस्थेच्या परिसरात त्यांचे घर होते आणि मुंबईत गेट वे ऑफ इंडियाजवळ त्यांची नोकरी. गिरण्यांच्या चिमण्या खिडकीतून मागे पडत असताना, त्याच गिरणगावात, परळला, आपल्या वडिलांनी एके काळी उभारलेल्या बहुजन विहाराची त्यांना आठवण होत असे किंवा नाही, हे सांगता येणार नाही. मात्र हे गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी आणि विहार उभारणारे त्यांचे वडील म्हणजे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी, हे परळ-लालबागच्या नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते.

महाराष्ट्रात दामोदर कोसंबी यांचे नाव निघाले, की प्राचीन भारताच्या इतिहासाची चर्चा सुरू होते. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासविषयक ग्रंथाने या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, हे खरेच आहे. पण या कीर्तीचा एक परिणाम असा झाला, की ज्या विषयाने त्यांना आयुष्यभर भाकरी दिली आणि ज्या विषयावर त्यांचे सर्वाधिक प्रेम होते, तो गणिताचा विषय मागे पडला. त्यांचे आडनाव आजही जगाच्या गणितात आणि विज्ञानात तीन निरनिराळ्या ठिकाणी वापरले जाते. भूमितीत, संभाव्यताशास्त्रात आणि आनुवंशिकीत. एका मराठी माणसाच्या वाट्याला असा योग फार विरळा.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद हे संस्कृत आणि बुद्धाच्या शोधात १८९९ मध्ये घर सोडून निघालेले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत ते सिंहलद्वीपापर्यंत पोहोचले होते आणि तेथे भिक्षूही झाले होते. संसारात परतल्यावरही त्यांची भटकंती थांबली नाही. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक लॅनमन यांनी विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेत बोलावून घेतले. १९१८ मधील अशाच एका खेपेस त्यांनी आपल्याबरोबर थोरली कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना नेले.

बॉस्टनलगतच्या केंब्रिज गावी या मुलाचे शिक्षण झाले. वडील मायदेशी परतल्यावरही तो शिकण्यासाठी तेथेच राहिला. १९२४ साली तो भारतात आला आणि १९२६ च्या आरंभी हार्वर्डमध्ये शिकण्यासाठी पुन्हा अमेरिकेस गेला. तेथे जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे जगप्रसिद्ध झालेले नॉर्बर्ट वीनर हे त्यांचे स्नेही बनले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळाली. मात्र त्याच वर्षी जगावर मंदीचे सावट आले आणि पुढील संशोधनाची वाट न धरता कोसंबी भारतात परतले. डॉक्टरेट त्यांनी कधीच मिळविली नाही.

प्रथम ते बनारस हिंदू विद्यापीठात दाखल झाले. गणिताबरोबरच ते तेथे जर्मन भाषाही शिकवीत. १९३१ मध्ये नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास ते अलीगढला गेले. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात त्या वेळी आंद्रे वेइल हा विशीतला फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. येथे एक गमतीचा प्रसंग घडला. कोसंबी यांचा एका सहकाऱ्याशी वाद चालू होता. त्याची जिरविण्यासाठी वेइल यांनी सुचविले, की बूर्बाकी नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयावर एक निबंध लिहावा. कोसंबी यांनी तो गंभीरपणे लिहिला आणि संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो छापूनही आला. काही वर्षांनी वेइल आणि त्यांच्या मित्रांनी निकोला बूर्बाकी हेच टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची नव्याने मांडणी करणारी ग्रंथमाला काढली. विसाव्या शतकातील गणितावर खोल ठसा उमटविणाऱ्या या नावाचा छापील गणितातला पहिला उल्लेख अशा रीतीने एका गोमंतकीयाच्या लेखणीतून, तोही थट्टेतून झाला.

अलीगढमध्येच कोसंबी यांच्या मुख्य कामाने आकार घेतला. हे काम अवकल भूमितीतील आहे. सामान्य वाचकाला ते अवघड वाटेल, तरी त्यातील मध्यवर्ती विचार समजण्यासारखा आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज त्यांच्या कर्तृत्वाची कल्पना यावयाची नाही.

शाळेतील भूमितीत आपण आधी अंतर मोजावयास शिकतो. दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे सरळ रेषा, हे त्यानंतर येते. पृथ्वीच्या गोल पृष्ठावर ही जवळची वाट वाकडी होते. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान नकाशावर उत्तरेकडे झुकलेले दिसते, ते याचमुळे. एकोणिसाव्या शतकात रीमान यांनी उभारलेली भूमितीही याच क्रमाने जाते. आधी अंतर, मग वाट. आइन्स्टाइन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत या भूमितीवर उभा आहे.

कोसंबी यांनी हा क्रम उलटा केला. समजा, अंतर कसे मोजावे हे आपल्याला ठाऊकच नाही. केवळ वाटा ठाऊक आहेत. म्हणजे कोणत्याही बिंदूपासून कोणत्याही दिशेने निघालेली वस्तू पुढे कशी जाईल, हे सांगणारी समीकरणे तेवढी हाती आहेत. फेकलेला दगड, सूर्याभोवती फिरणारा ग्रह, घड्याळाचा लंबक या सर्वांच्या गती अशा समीकरणांनी सांगता येतात. मग या वाटांच्या जाळ्यातूनच भूमिती काढता येईल काय? येईल, असे कोसंबी यांनी दाखवून दिले. दोन जहाजे विषुववृत्तावरून, एकमेकांपासून काही मैलांवरून, नीट उत्तरेकडे निघाली तर ती हळूहळू जवळ येतात आणि ध्रुवावर भेटतात. सपाट पृष्ठावर ती कधीच भेटली नसती. शेजारच्या वाटा जवळ येतात की दूर जातात, एवढ्या निरीक्षणावरून त्या जागेची वक्रता ओळखता येते, आणि त्यासाठी हातात मोजपट्टी असण्याची गरज नाही.

हा निबंध १९३३ मध्ये जर्मनीतील एका अग्रगण्य गणित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळचे सर्वश्रेष्ठ भूमितिवेत्ते, पॅरिसचे एली कार्तां यांनी तो वाचून त्यावर टिपण लिहिले आणि ते त्याच अंकात कोसंबी यांच्या निबंधाला लागूनच छापले गेले. पंचविशीच्या एका भारतीय अध्यापकाच्या निबंधावर कार्तां यांनी लेखणी उचलावी, हा त्या काळी केवढा मोठा मान होता, हे वेगळे सांगावयास नको. १९३९ मध्ये कार्तां यांचे चिनी शिष्य शिंग-शेन चर्न यांनी हा विषय आणखी पुढे नेला. हेच चर्न पुढे संमिश्र भूमितीतील, म्हणजे संमिश्र संख्यांवर आधारलेल्या अवकाशांच्या अभ्यासातील, एक अढळ नाव ठरले. तिघांच्या नावांवरून या उपपत्तीला कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत असे म्हणतात. तीत पाच राशी अशा आहेत, की मोजमापाची पद्धत कशीही बदलली तरी त्यांचे स्वरूप ढळत नाही. त्यांपैकी एका राशीवरून एखादी गती स्थिर आहे की किंचित धक्क्याने विस्कटणारी आहे, हे कळते.

मायदेशी या कामाकडे फारसे कोणी वळले नाही. त्याची जोपासना झाली ती जपान, कॅनडा आणि विशेषतः रुमानिया येथे. रुमानियातील याशी या गावी राडू मिरॉन आणि त्यांच्या शिष्यांनी याच जातीच्या भूमितीची एक मोठी परंपरा उभी केली. एकविसाव्या शतकात ग्रहगती, हवामानाची प्रतिमाने, जीवशास्त्रातील लोकसंख्येची चढउतार अशा विषयांवरील निबंधांतून कोसंबी यांचे नाव सर्रास येऊ लागले. कोसबेंपासून याशीपर्यंतचा हा प्रवास त्यांच्या हयातीत घडला असता, तर त्यांच्या पुढील आयुष्यास काही वेगळे वळण लागले असते काय, असे मनात आल्यावाचून राहात नाही.

अलीगढनंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनीही तेथे पाली शिकविले होते. बारा-एक वर्षांचा हा काळ त्यांच्या बुद्धीला सर्वाधिक फळे आणणारा ठरला. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पुरस्कार मिळाला. परीक्षेपुरते शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र हे अध्यापक जड जात. त्यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता आणि जीभ तिखट होती. मित्र जोडण्याइतकेच ते तोडण्यातही पटाईत होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे.

१९४३ आणि १९४४ या दोन वर्षांत, महायुद्ध चालू असताना, त्यांचे आणखी दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्यात त्यांनी दाखविले, की काळानुसार यदृच्छया बदलत जाणारी एखादी राशी ही परस्परांशी संबंध नसलेल्या ठरावीक घटकांची बेरीज म्हणून मांडता येते. त्यांतील मोजके महत्त्वाचे घटक ठेवून बाकीचे सोडले, तरी मूळ चित्र फारसे बिघडत नाही. फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव हे काही वर्षांनी स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले. जगभर हे प्रमेय बराच काळ त्या दोघांच्याच नावे ओळखले गेले. कोसंबी यांचे नाव त्यास पुष्कळ उशिरा जोडले गेले. संगणकाने चेहरा ओळखणे, चित्रांचा संक्षेप करणे, वाऱ्याच्या खळबळीचा अभ्यास करणे, या सर्वांमागे हे गणित आहे.

दुसरा निबंध अवघ्या चार पानांचा आहे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे थेट मोजता येत नाही. संततीत ती किती वेळा एकमेकांपासून विलग झाली, यावरून अंदाज बांधावा लागतो. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये त्यासाठी एक सूत्र दिले होते. परंतु गुणसूत्रात एका ठिकाणी अदलाबदल झाली, तर अगदी शेजारी दुसरी होण्याचा संभव कमी होतो, ही गोष्ट त्या सूत्रात धरलेली नव्हती. कोसंबी यांनी ती धरून नवे सूत्र दिले. भात, गहू, ज्वारी यांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे शास्त्रज्ञ आजही कोसंबी यांचे सूत्र वापरतात. त्यांपैकी किती जणांना हा माणूस जीवशास्त्रज्ञ नव्हता हे माहीत असेल, कोण जाणे.

संख्याशास्त्राकडे ते वळले होते तेच मुळी हाताने काही तरी करून पाहण्यासाठी. त्यासाठी त्यांनी निवडली प्राचीन आहत नाणी. चांदीची, ठसे मारलेली, बहुतेकांवर राजाचे नाव नाही, सनही नाही. अशा नाण्यांचा काळ कसा ठरवावयाचा? कोसंबी यांनी ती तराजूत घातली. नाणे जितके अधिक हात फिरते तितके झिजते, म्हणून समूहाचे सरासरी वजन कालांतराने घटत जाते आणि एकेका नाण्यामधील फरक वाढत जातो. हा नियम पडताळण्यासाठी त्यांनी त्या वेळच्या चलनातील नाणीही वजन करून पाहिली. मग तक्षशिलेच्या साठ्यांतील नाण्यांना तो लावला. नाण्यांच्या मागील बाजूस असलेल्या छोट्या खुणा सराफांनी वेळोवेळी तपासणी करताना उमटविल्या असाव्यात आणि जितक्या खुणा अधिक तितके वजन कमी, असे त्यांना आढळले. अशी हजारो नाणी त्यांनी एकेक करून तोलली. त्यातून नाण्यांचा क्रम लागला. मग ही नाणी पाडली कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न आला. इतिहासकार कोसंबी जन्मले ते या तराजूच्या पारड्यात.

संस्कृतचा वारसा घरचाच होता. त्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे वि. स. सुकथनकर यांचा सहवास लाभला. सुकथनकर हे स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले, त्यामुळे दोघांचे जुळले असल्यास नवल नाही. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या ३७७ हस्तलिखितांचा पडताळा घेऊन कोसंबी यांनी १९४८ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. या कामाकडेही त्यांनी वर्गीकरणाचा एक प्रश्न म्हणूनच पाहिले.

होमी भाभा यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. पेडर रोडवरील एका बंगल्यात असलेल्या या संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांनी कोसंबी यांना बोलावून घेतले. आरंभी दोघांचे उत्तम जमले. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या गणित विभागाचे अध्यक्षपद कोसंबी यांच्याकडे आले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या वतीने त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास केला, शिकागोत भूमितीचे अध्यापन केले आणि प्रिन्स्टनच्या संस्थेत आइन्स्टाइन यांची भेट घेतली.

परत आल्यावर वारे बदलू लागले. १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन संस्थेत दाखल झाले आणि त्यांनी तेथे शुद्ध गणिताची एक शिस्तबद्ध शाळा उभारण्यास आरंभ केला. ती पुढे जगात नावाजली. परंतु एकट्याने काम करणाऱ्या, नाणी आणि दगडी हत्यारांत रमणाऱ्या कोसंबी यांना तीत जागा उरली नाही. ते जागतिक शांतता चळवळीत उतरले होते. मॉस्को, हेलसिंकी, पेकिंग येथे जात होते. त्याहून मोठा मतभेद होता तो अणुऊर्जेचा. उन्हाची कमतरता नसलेल्या गरीब देशाने अणुभट्ट्यांवर पैसा ओतण्यापेक्षा सौरऊर्जेचा पाठपुरावा करावा, असे ते जाहीरपणे मांडीत. ज्या संस्थेचा खर्च अणुऊर्जा खात्यातून चालतो आणि जिचे संचालकच अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आहेत, तेथे नोकरीस राहून हे बोलावयास मोठे धैर्य हवे. त्याची किंमत चुकवावी लागणार, हे उघडच होते.

विरोधकांच्या हाती आयते कारण मात्र त्यांनी स्वतःच दिले. रीमान यांचे १८५९ मधील अनुमान हा गणितातला सर्वांत प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न. २, ३, ५, ७ अशा मूळ संख्या आकड्यांच्या रांगेत कशा विखुरल्या आहेत, याच्याशी तो निगडित आहे. कोसंबी यांनी संभाव्यतेच्या वाटेने त्याची सिद्धता मिळाल्याचा दावा १९५९ मध्ये केला आणि तो प्रसिद्ध केला कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय पत्रिकेत. तज्ज्ञांनी ही सिद्धता स्वीकारली नाही. मूळ संख्या यदृच्छया पडल्यासारख्या दिसतात हे खरे. पण दिसतात यावरून सिद्धता होत नाही. हा दोष त्यांच्यासारख्या काटेकोर माणसाच्या ध्यानात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. दावा मागे घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एस. ड्यूक्रे या टोपणनावाने त्यांनी याच विषयाच्या आसपास आणखी काही निबंध लिहिले. जे अनुमान आजही सुटलेले नाही, त्याच्या पायी त्यांची गणितज्ञ म्हणून असलेली प्रतिष्ठा त्यांच्या हयातीतच डागाळली. १९६२ मध्ये संस्था कुलाब्याच्या नव्या भव्य वास्तूत गेली. त्याच वर्षी कोसंबी यांच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. डेक्कन क्वीनचा प्रवास थांबला.

दोष कोणाचा, याविषयी आजही दोन मते आहेत. भाभांना संस्था उभी करावयाची होती आणि कोसंबी हे कोणत्याही संस्थेत मावणारे गृहस्थ नव्हते, असे एक मत. मतभेदाबद्दल एका मोठ्या विद्वानाला बाहेरचा रस्ता दाखविला गेला, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. मात्र रीमान यांच्या प्रश्नात कोसंबी चुकले म्हणून १९३३ आणि १९४३ चे कोसंबी खोटे ठरत नाहीत, ही साधी गोष्ट त्या गदारोळात विसरली गेली.

पुढील दोन वर्षे त्यांना पद नव्हते. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने मानद शास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक केली आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना टेबल मिळाले. या काळात पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या. गावोगावच्या देवतांची ठाणी, जुन्या व्यापारी वाटा, कार्ले लेण्यांतील लेख यांचा त्यांनी मागोवा घेतला. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. मूळ संख्यांवरचे पुस्तकही याच सुमारास त्यांनी लिहून पुरे केले.

२९ जून १९६६ च्या पहाटे, झोपेतच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५८. भाभा त्याच वर्षीच्या जानेवारीत आल्प्समधील विमान अपघातात मरण पावले होते.

मरणोत्तर सन्मान आले. विद्यापीठ अनुदान मंडळाचा हरि ओम आश्रम पुरस्कार १९८० मध्ये, जन्मशताब्दीच्या सांगतेला ३१ जुलै २००८ रोजी टपाल तिकीट. त्यांच्या कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी वडिलांचे आणि आजोबांचे लेखन इंग्रजी वाचकांपुढे आणण्यासाठी २०१५ मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत परिश्रम घेतले. निवडक गणिती निबंध मात्र २०१६ पर्यंत एकत्र मिळत नव्हते. त्या वर्षी रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला खंड निघाला आणि वाटांच्या भूमितीपासून जनुकांच्या सूत्रापर्यंतचे कोसंबी प्रथमच एका ठिकाणी वाचावयास मिळाले. वाटांच्या भूमितीवर त्यांनी लिहिलेले स्वतंत्र पुस्तक आणि मृत्यूपूर्वी पुरे केलेले मूळ संख्यांवरचे पुस्तक, ही दोन्ही हस्तलिखिते मात्र छपाईपूर्वीच गहाळ झाली. त्या खंडात ती नाहीत.